वस्तादांच्या दारातला चुडा

तुकावस्ताद म्युनिसिपालिटीला उभे राहणार, ही बातमी आमच्या पेठेत सगळ्यांत आधी माझ्या अम्माला कळली. त्यात नवल काही नव्हतं. आम्ही मणेर. घरोघर जाऊन बायकांच्या हातांत बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि बाईचा हात एकदा मणेरणीच्या हातात आला की तिचं तोंड आपोआप सुटतं. बांगडी चढताना दुखतं, आणि ते दुखणं विसरायला बाई बोलत राहते. कुणाच्या घरी वाटणीची भाषा चाललीय, कुणाचा नवरा सारखा बावड्याला का जातो, हे सगळं अम्मा दुपारी डोक्यावरची पाटी उतरवता उतरवताच सांगून मोकळी व्हायची. बाबा ऐकत, मिशीत हसत आणि दर वेळी तेच म्हणत, "ऐकलंस त्येवढं हितंच ठेव. ह्या घरचं त्या घरी गेलं की दोन्ही घरची दारं बंद."

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बाहेरगावाहून गवतात बांधून आलेल्या काचेच्या बांगड्या, आणि मागच्या खोलीत अम्माची शेगडी. तिच्यावर ती लाखेच्या बांगड्या वळायची. लाख तापल्याचा तो गोडसर, जरा घशात बसणारा वास आमच्या कपड्यांना, केसांना, अगदी भाकरीलासुद्धा यायचा. शाळेत माझ्या शेजारच्या मुली नाक मुरडत आणि सणाच्या आधी त्याच मुली माझ्या मागे लागत, "जैनू, मला कंगोऱ्याच्या आण गं." महाराजांनी मुलींना शाळा फुकट केल्यामुळे मी शिकत होते. बाबांना त्याचा फार अभिमान होता. म्युनिसिपालिटीत पेठेपेठेनं लोकांनीच मेंबर निवडायचे असं ठरलं, तेव्हा निघालेली छापील पत्रकं ते घरी आणायचे आणि माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि 'मतदार बंधूंनो' असं वाचताना मला आपणच सभेत उभं राहून बोलतोय असं वाटायचं.

आमच्या घरामागे तालीम होती. पहाटेच्या बांगेच्या पाठोपाठ तिथून शड्डू ठोकल्याचा आवाज यायचा, मग जोर काढणाऱ्या पोरांचे हुंकार, मग बदाम वाटायच्या पाट्याची घरघर. या सगळ्याचे मालक तुकावस्ताद. कान मोडलेले, मान खांद्यांत गेलेली, आवाज मात्र बारीक. मोहरमात तालमीत पीरांचे पंजे बसत, त्यांची सेवा वस्ताद स्वतः अनवाणी राहून करत. पेठेत दोन भावांत भांडण लागलं तर कोर्टात जायच्या आधी लोक त्यांच्या कट्ट्यावर जात. बाबांची आणि त्यांची दोस्ती लहानपणापासूनची. असा माणूस मेंबर होणार म्हटल्यावर आम्हांला वाटलं, आता निवडून द्यायचं तरी काय राहिलं?

पण उभे राहिले दोघे. दुसरे गोविंदराव कंत्राटदार. रस्त्यांची खडी, पुलांचे दगड, सगळी कामं त्यांची. त्यांच्याकडे टांगा होता, वाजंत्री होती, वरच्या गल्लीत रोज जेवणावळी उठत होत्या. मतदान तेव्हा चिठ्ठी टाकून नव्हतं. शाळेत कारकुनासमोर जायचं, आपलं नाव सांगायचं आणि ज्याला मत द्यायचं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. उमेदवार तिथेच खुर्चीवर बसलेला. त्यामुळे कोण कुणाचा हे झाकून राहायची सोयच नव्हती. अलीकडे माझ्या दारात जीपमधून पोरं येतात, हात जोडून म्हणतात, "आजी, लक्ष असू द्या." मी सगळ्यांनाच बरं म्हणते. तेव्हा असं सगळ्यांनाच बरं म्हणून चालत नसे.

वस्तादांच्या घरातल्या माझ्या मैत्रिणीबद्दल आता सांगायला हवं. तिचं नाव अनसूया, सगळे अनसा म्हणत. वस्तादांच्या एकुलत्या मुलाची ती बायको, माहेर मुरगूडचं. तिच्या लग्नात चुडा भरायला बाबांनी मला सोबत नेलं होतं आणि डावा हात त्यांनी भरल्यावर उजवा माझ्या स्वाधीन केला होता. मी भरलेला तो पहिला हात. अनसा दुखून ओठ चावत होती आणि मला म्हणत होती, "हळू कर की गं, मी काय म्हस हाय व्हय?" वर्षभरानं मानमोडीच्या तापाची साथ आली. तालमीतला तो उमदा पोरगा तीन दिवसांत गेला. अनसाच्या बांगड्या वाढवल्या तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्यानंतर अम्मा काकींना, म्हणजे वस्तादांच्या मंडळींना, बांगड्या भरायला गेली की अनसा मागच्या दारात तांदूळ निवडत बसायची, आणि मी तिच्याजवळ. काकींच्या हातांतल्या काचेचा किणकिणाट ऐकू आला की ती सूप जरा जोरात पाखडायची. ती मला भाजलेल्या शेंगा आणि गूळ द्यायची. मी तिला पत्रकांवरची अक्षरं शिकवायचे. सासऱ्यांचं छापील नाव बोटानं गिरवून ती म्हणाली होती, "मामंजींचं नाव मी त्वांडानं घेत न्हाय, पर बोटानं घेतलं तर चालतंय न्हवं?"

आमच्या धंद्याची एक रीत होती. हात बघितल्याशिवाय बांगडी द्यायची नाही. बांगडी म्हणजे भाजी नव्हे, असं बाबा म्हणत. हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याचं मूळ दाबून मऊ करायचं, नजरेनंच माप ठरवायचं आणि एक एक करून चढवायची. भरून झालं की ती बाई, मग ती ब्राह्मणाची असो की मराठ्याची, बाबांना वाकून नमस्कार करायची. बाबा ठरल्यापेक्षा एक बांगडी जास्त भरायचे आणि म्हणायचे, "सुखी ऱ्हा." बायका त्यांना मणेरमामा म्हणत. माहेरचं माणूस लांब असलं तर बाईनं मामापुढे हात करायचा, अशी ती नाती होती. परक्या पुरुषानं हात धरायचा आणि घरात कुणाला काही वाटायचं नाही, एवढा विश्वास त्या एका रीतीवर उभा होता. मला हे सगळं पाठ होतं, म्हणून तर पुढचं लिहिताना लाज वाटते.

मतदानाला दहा-बारा दिवस राहिले असतील. बाबा गडमुडशिंगीला एका लग्नाचे चुडे भरायला गेले होते, अम्मा एका डोहाळजेवणाला. मी पुढच्या खोलीत एकटी गवतातून बांगड्या काढून मापाप्रमाणे लावत होते. तालमीतला शिदू आला. तो वस्तादांचा लाडका पठ्ठा होता, त्यांच्या प्रचारात पुढे राहून घोषणा द्यायचा. तो दारातच म्हणाला, "जैनू, हिरव्या बांगड्या पायजेत. दोन्ही हातांच्या."

"कुणाच्या हाताच्या?"

त्यानं आपली मूठ फळीवर ठेवली. "ह्या मापाच्या."

मी हसायलाच लागले. एवढा पंजा कुठल्या बाईचा असतो? "आन् भरणार कुणाला?"

"तूच वळख की. पेठंत शेपूट घालून पळणारा कोण हाय?"

मी लगेच ओळखलं, किंवा मला तसं वाटलं. दोनच दिवसांपूर्वी सभेत कुणी तरी पुलाच्या कामाबद्दल विचारलं, तेव्हा गोविंदराव टांग्यात बसून निघून गेले होते. गावभर त्याचीच थट्टा चालली होती. पुरुषाच्या दारात बांगड्यांचा आहेर पाठवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मला वाटलं, वस्तादांची पोरं कंत्राटदाराची चांगली जिरवणार, आणि त्यात आपलाही हात लागणार. मी सगळ्यांत मोठ्या मापाच्या बांगड्या उकरून उकरून काढल्या. एका हाताच्या बारा, दुसऱ्या हाताच्या बारा. लाल दोऱ्यात ओवून आमच्या घरच्या पद्धतीची गाठ मारली. मग मला आणखी चेव आला. खऱ्या चुड्याबरोबर देतो तशी मी त्यात जास्तीची एक बांगडी घातली आणि हळदीकुंकवाची पुडीही बांधली. शिदू म्हणाला, "शाबास." संध्याकाळी बाबा आले, त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते रागावले असते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बांगड्या वस्तादांच्या उंबऱ्यावर होत्या. सुपात, खणानारळासकट, ओटी भरल्यागत मांडलेल्या. सडा टाकायला आधी अनसा बाहेर आली. पुढचं मी निरनिराळ्या तोंडांनी ऐकलं, पण सगळ्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी होती. काकी दारात आल्या तेव्हा अनसा उंबऱ्यावर बसलेली होती आणि तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. काकींनी बोंब ठोकली. शेजारपाजार गोळा झाला. बांगड्या अंगणातल्या दगडावर आपटून फोडल्या. वस्तादांना नामर्द म्हणायला पाठवलेला आहेर होता तो. पण विधवा सून चुडा भरून दारात बसलेली दिसल्यावर आहेर कुणी पाठवला हे विचारायचं कुणाच्या मनातच राहिलं नाही. दुपारपर्यंत वरच्या गल्लीतली माणसं चौकात उभी राहून म्हणू लागली होती, "ज्याला सून सांभाळता येईना, त्यो पेठ काय सांभाळणार?"

आणि त्याच दुपारी शिदू गोविंदरावांच्या टांग्यात पुढे बसून वाजंत्रीबरोबर आमच्या गल्लीतून गेला. म्युनिसिपालिटीत मुकादमाची जागा त्याला कबूल झाली होती, असं नंतर कळलं. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे बघून हातातली काठी जराशी वर केली. 

बाबा जेवायला बसले होते. झुणका-भाकरी आणि खारातली मिरची. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अम्मा कपाळावर हात मारून घ्यायला लागली. बाबांचा घास हातातच राहिला. ते मारतील असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हात बघितलास?"

"न्हाय, बाबा."

"मग त्या तू इकल्यास." त्यांनी घास ताटात परत ठेवला. जन्मात त्यांनी कुणाला बांगडी विकली नव्हती, सगळ्या भरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन वस्तादांकडे गेले. अंगणात बैलगाडी जुंपलेली होती, आत गवत पसरलेलं, वर घोंगडं. कट्ट्यावर दहा-पंधरा माणसं बसलेली. कुणाची किती घरं आपल्याकडे वळतील याचा खल चालला होता. बाबांचा चेहरा बघून वस्तादांनी सगळ्यांना उठवलं. काकी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला, असं करताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

"वस्ताद, त्या बांगड्या माझ्या घरच्या. ह्या पोरीनं दिल्या. शिदू तुमचाच म्हणून फसली. अनसाचा ह्यात काय बी दोष न्हाय. मी चौकात उभा ऱ्हाऊन सांगतो."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. मग आपल्या त्या बारीक आवाजात म्हणाले, "मणेरा, गाठ बघितली तवाच मला कळलंय. तुझ्या घरची गाठ मला वळखू येत न्हाय व्हय?"

"मग ही गाडी कशाला?"

"मुरगूडला जाईल. चार दिस माह्यारी."

"पोरगीचा दोष न्हाय म्हणताय आन् घालवताय?"

"दोष हाय म्हणलं का मी? माझ्या लेकाची बायकू हाय ती. पर लोक इचारत्यात, घरात काय चाललंय. आठ दिस ऱ्हायल्यात. एकदा मतं पडू देत, मी सवता जाऊन आणतो. ही घे आण, त्या पंजाची." त्यांनी तालमीकडे हात केला. मग माझ्याकडे एकदा बघून बाबांना म्हणाले, "तू चौकात काय बी सांगू नगंस. सांगितलंस तर उद्यापासनं तुझ्या बायकूपुढं कोण हात करंल? तू आपलं घरोघर एवढंच सांग, की सुनेनं त्या बांगड्यांस्नी हात बी लावला न्हाय. दारातच फोडल्या. जे बोलत्यात ते वरच्या गल्लीचं कुभांड. तुझ्या पोरीचं नाव माझ्या त्वांडातनं जाणार न्हाय."

 बाबांनी रुमाल परत डोक्याला गुंडाळला, आणि मला कळलं की त्यांनी मान्य केलं. त्या क्षणी मला हायसं वाटलं. माझी मैत्रीण गाडीत बसून चालली होती आणि मला हायसं वाटलं, कारण माझं नाव निघणार नव्हतं. साठ वर्षं झाली तरी ते हायसं वाटणं मी स्वतःला माफ केलेलं नाही.

अनसा पदर तोंडावर ओढून गाडीत बसली. काकींनी तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं ठेवलं आणि रडत आत गेल्या. मी गाडीच्या चाकापाशी उभी होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, की बघितलं आणि पदरामुळे मला दिसलं नाही, कोण जाणे.

मग आम्ही सांगत सुटलो. अम्मा सांगे, मी सांगे, बाबासुद्धा सांगत. "हात बी लावला न्हाय वं पोरीनं." मी आधी म्हटलंच आहे, बांगडी भरताना बाई बोलत राहते, आणि बोलता बोलता ऐकूनही घेते. चार दिवसांत पेठेनं आमचं म्हणणं उचललं. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यातून एका पोरीची अब्रू वाचते असंही आम्ही एकमेकांना सांगत होतो. एकदा बाबा म्हणाले, "आठ दिसांचा तर सवाल हाय." पण त्या आठ दिवसांत त्यांनी कुणाला "सुखी ऱ्हा" म्हटलेलं मी ऐकलं नाही. बांगड्या भरायचे, जास्तीची एकही भरायचे, आणि पाटी उचलून निघायचे.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात जत्रा होती. बाबा नवा सदरा घालून गेले. कारकुनानं विचारलं, वस्ताद समोर खुर्चीवर बसले होते, आणि बाबांनी त्यांचं नाव घेतलं. घरी येऊन ते अम्माला म्हणाले, "दिलं बाई. आता पोरीला आणू देत." दिवस मावळायच्या आत गुलाल उडाला. वस्ताद निवडून आले. तालमीपुढे हलगी घुमली, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आमच्या दारावरून मिरवणूक गेली तेव्हा अम्मानं त्यांच्यावर चुरमुरे उधळले. मीही उधळले.

गाडी मात्र मुरगूडला गेली नाही. पहिले काही दिवस सत्काराचे गेले. मग मेंबरांमधून चेअरमन कोण, याची चर्चा सुरू झाली. वस्तादांचं नाव पुढे आलं. त्यासाठी वरच्या गल्लीचीही मनं राखायला हवी होती, म्हणून गोविंदराव आणि वस्ताद एका टांग्यातून रंकाळ्यावर हवा खायला जाताना दिसू लागले. शिदू परत तालमीत येऊन जोर काढू लागला. बाबा दोनदा विचारायला गेले. पहिल्यांदा वस्ताद म्हणाले, "चेअरमनचं एकदा हुंदे." दुसऱ्यांदा ते घरात असून काकींनी बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. बाबा परत आले ते पायऱ्यांवरच बसून राहिले. वस्ताद वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. वाईट असते तर मला त्यांचा सरळ राग करता आला असता.

एका बाजाराच्या दिवशी बाबांनी मला मुरगूडला नेलं. पाटी होती, पण जायचं कारण धंदा नव्हता, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. अनसाच्या भावाचं घर गावाच्या कडेला. दारात म्हातारा बाप बसला होता. तो म्हणाला, "या पावणं, कुठलं?" बाबांनी मणेर म्हणून सांगितलं तशी त्यानं आत हाक मारली. अनसा गोठ्यातून आली. हात शेणानं भरलेले, ते तिनं मागे धरले. ती वाळली होती. मला बघून आधी ती हसली, अगदी पूर्वीसारखी, आणि मला रडू फुटलं.

मी तिला सगळं सांगितलं. शिदूचं, त्या मुठीचं, हळदीकुंकवाच्या पुडीचं. ती ऐकत राहिली. "पुडी तू बांधलीस व्हय?" एवढंच म्हणाली. "मला वाटलं, कुणी तरी माझ्यासाठनंच धाडल्यात. कुणी ते कळंना. गाठ तुमच्या घरची दिसली, म्हणून वाटलं मामानंच धाडलं आसंल."

बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पोरी, पेठंत तुझं नाव आता साफ हाय. आमी घरोघर सांगितलंय. तू हात बी लावला न्हवतास म्हणून."

"आसं का सांगितलंसा?"

"तुझ्यासाठनंच की."

"पर म्या घातल्या व्हत्या, मामा." तिनं मागे धरलेले हात पुढे आणले आणि त्यांच्याकडे बघितलं. "दोन्ही हातांत. मोठ्या व्हत्या, झटक्यानं गेल्या, दुखलं बी न्हाय. उठून चार पावलं चालून बघितलं. वाजत्यात का म्हणून. सासूबाई आल्या तवा मला काढाव्या बी लागल्या न्हाईत, हात खाली केला आन् पडल्या." तिनं हात परत मागे घेतले. "लई बरं वाटलं वं, मामा. आता तुमी ते बी घालवलंसा."

 घरातून तिच्या भावजयीनं हाक मारली. अनसा आत गेली आणि पाणी घेऊन आली ती भावजय. ते पिऊन आम्ही निघालो.  कागलच्या पुढे गाडीत बाबा म्हणाले, "जैनू, तुला काय करायचं ते कर. मी अडवणार न्हाय." त्यांनी माझ्यावर ते का सोपवलं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्यांना ते जमणार नव्हतं, एवढंच मला दिसतं. ते वस्तादांना लहानपणापासून ओळखत होते.

अनसा परत आली नाही. वस्ताद चेअरमनही झाले नाहीत. ती खुर्ची दुसऱ्याच पेठेला गेली. पण ते नंतरचं. आम्ही मुरगूडहून आलो त्याच आठवड्यात अम्मा मला घेऊन आमच्याच गल्लीत सरस्वतीकाकींकडे गेली. सण जवळ आला होता. अम्मा आत म्हाताऱ्या सासूबाईंना भरत होती आणि काकींचा हात माझ्याकडे. मऊ, गोरा हात, माप लहान. तीन बांगड्या चढल्या, चौथी अंगठ्याच्या मुळाशी आली. काकी दुखणं विसरायला बोलत होत्या. म्हणाल्या, "मुरगूडला गेलतीस म्हणं. कशी हाय गं ती? गरीब बिचारी. हात बी लावला न्हवता न्हवं तिनं त्या बांगड्यांस्नी?"

मी त्यांचा हात धरूनच होते.

"घातल्या व्हत्या, काकी," मी म्हटलं. "दोन्ही हातांत घातल्या व्हत्या. आन् त्या म्याच दिल्या व्हत्या, एका गड्याच्या मुठीच्या मापानं. तिला त्यात बरं वाटलं."

आतला अम्माचा आवाज थांबला. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि आपला हात माझ्या हातातून ओढून घेतला. चौथी बांगडी तिथंच तडकली. त्या उठून आत गेल्या, त्यांनी मधलं दार लावून घेतलं, आणि उरलेल्या बांगड्या भरायला दुसऱ्या दिवशी खालच्या पेठेतला कासार बोलावला.